भरती चालू आहे

ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानं फाउंटनकडे निघालात आणि गायमुखच्या चढाला गाडी थांबली, की करण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात. समोरच्या कंटेनरच्या पाठीवर लिहिलेलं वाचायचं, नाहीतर उजवीकडे मान वळवून खाडी बघायची. कंटेनर एव्हाना वाचून झाला असेल. आता खाडीकडे बघा. तिवरांच्या पलीकडचं ते गढूळ पाणी या क्षणी उलटं, आत, ठाण्याच्या दिशेनं सरकतंय. भरती लागली आहे. तुमच्या गाडीपेक्षा पाणी जोरात चाललंय हे तुमच्याही लक्षात आलंच असेल.

मग उतरा की. गाडीची काळजी सोडा, तुम्ही परत येईपर्यंत ती हलणार नाही.

कठड्यावरून पाय टाका, उतारावरून खाली या. तिसऱ्या-चौथ्या पावलाला हॉर्न विझतात. डिझेलचा वास जातो आणि त्या जागी कुजलेल्या पानांचा, खारट चिखलाचा वास नाकात घुसतो. पाय घोट्यापर्यंत रुततो, मग पोटरीपर्यंत. डावा बूट चिखलानं ठेवून घेतला. उजवाही काढून टाका, एका बुटाला इथं काही किंमत नाही. पायाजवळ निवट्या टणाटण उड्या मारतायत. मागे वळून बघितलंत तर रस्ता नाही, टॉवर नाहीत, डोंगरापासून पाण्यापर्यंत नुसतं रान उतरलंय आणि त्यात काहीतरी मोठं जनावर खोकतंय. तिकडे लक्ष देऊ नका.

साल 1659. तिथी-वार विचारू नका, वैशाख आहे एवढं पुरे. घामानं तुम्हाला ते कळलंच असेल.

पाण्यावर एक पडाव येतोय. शीड गुंडाळलेलं, कारण वाऱ्याची गरज नाही, भरती फुकटात नेतेय. नाखवा कोळी आहे. तुमच्याकडे, तुमच्या पँटकडे, मग पुन्हा तुमच्याकडे बघतो.

"काय रं, कुठं जायाचं?"

"कल्याण," म्हणा. जास्त बोलू नका, तुमच्या मराठीला इथं हसतील.

"चढ. पन काथ्यावर बस, मिठावर नको. आनि गप बस. त्या टेकाडावर फिरंगी हाय."

फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. घोडबंदर त्यांचं, वसई त्यांची, ठाणं त्यांचं. खाडीचं तोंड त्यांच्या मुठीत आणि खाडीचा माथा, म्हणजे कल्याण-भिवंडी, दीड वर्षापूर्वी शिवाजीराजांनी घेतलेला. मधल्या पाण्यावर मीठ, सुकी मासळी, नारळ आणि बातम्या दोन्हीकडून ये-जा करतात. राजकारण एवढंच लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काथ्याच्या गठ्ठ्यावर बसून तुम्ही कोलशेतवरून जाता. तिथं कारखाने नाहीत, मिठागरं आहेत. पांढऱ्या ढिगांवर ऊन पडून डोळे दिपतात. बाळकुमच्या पुढे उजव्या हाताला पाण्याला एक फाटा फुटतो, तो ठाण्याला वळसा घालून मुंबईकडे जातो. तुम्ही सरळ. मग पारसिकचा डोंगर अंगावर येतो, मुंब्र्याचा कडा तापून तांबडा झालेला. डोंबिवली कुठं आहे म्हणून शोधाल तर चार झोपड्या, भाताची खाचरं आणि चिखलात लोळणाऱ्या म्हशी. फलाटाचा प्रश्नच नाही. नाखवा तुम्हाला अर्धा कांदा देतो. खा. एवढ्या वेळात एकदाही कुणी "आगे चलो" म्हणालेलं नाही.

कल्याण दिसण्याआधी ऐकू येतं. ठक् ठक् ठक्, मग दुसऱ्या पट्टीत टंग टंग, मग करवतीचा लांब खरखराट, आणि या सगळ्याच्या वर कुणाची तरी शिवी. पाठोपाठ वास येतो: उकळत्या राळेचा, तासलेल्या सागाचा आणि मासळीच्या तेलाचा. पहिले दोन वास तुम्हाला आवडतील. तिसऱ्याची सवय होते म्हणतात.

दुर्गाडीच्या टेकाडाखाली काठ उघडा पडलाय. वर टेकाडावर कोटाचं काम निघालंय. पाया खणताना तिथं द्रव्य सापडलं आणि ते आबाजी महादेवांनी राजांच्या कामी लावलं, ही गोष्ट काठावर जो तो सांगतो, आणि दर वेळी हंड्यांची संख्या वाढते. पण तुम्ही वर बघू नका, समोर बघा. भरतीची रेघ जिथं संपते तिच्या वरच्या अंगाला ठोकळ्यांवर सांगाडे उभे आहेत. काहींचा नुसता कणा टाकलाय, काहींना बाजूच्या फळ्या चढल्यात. त्यांच्या पोटात, पाठीवर, खाली, शेजारी माणसंच माणसं. लढाऊ गलबतं बांधायचा हा कारखाना आहे. आज त्याच दुर्गाडीच्या पायथ्याला आरमाराची आठवण म्हणून नौदलाची निवृत्त टी-80 ही युद्धनौका आणून ठेवली आहे. तिच्यापाशी सेल्फी काढताना पायाखालची जमीन एकदा हुंगून बघावी, असं मला वाटतं.

पडावातून उडी मारताच एक जण तुमच्या खांद्यावरचा काथ्याचा गठ्ठा आणि तुम्ही, दोघांनाही एकत्र मोजतो. हा मुकादम. मुलाखत सुरू झाली आहे.

"हात दाव."

दाखवा. तो तळवा उलटा करतो, अंगठ्यानं दाबून बघतो. घट्टा नाही. बोटांची टोकं तेवढी जराशी चपटी, कीबोर्ड बडवून. त्याला याचा अर्थ लागत नाही.

"काय काम केलंस आजवर?"

"बसून करायचं."

"कारकून?"

"साधारण."

"लिहिणारे हैत आमच्याकडे, मोप. चुलीवर जा."

झाली निवड. ना अर्ज, ना ओळखपत्र, ना गेटपास. ठाणे जिल्ह्यात लढाईची वाहनं बनवण्याच्या धंद्यात शिरणं पुढे इतकं सोपं राहिलं नाही. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आजही आहे आणि 2021 पासून ती रणगाडे बनवणाऱ्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमचा भाग आहे. तिथं शिरायला आयटीआय, लेखी परीक्षा, पोलीस पडताळणी. इथं फक्त तळवा. खोटं बोलता येत नाही त्याला, हीच अडचण.

चूल म्हणजे तीन दगडांवर तांब्याची कढई आणि कढईत राळ. ती तेलात विरघळवायची, सतत ढवळायची, करपू द्यायची नाही. वरून वैशाखाचं ऊन, खालून जाळ, मध्ये तुम्ही. पहिल्या घटकेत भुवया करपल्याचा वास येतो तो तुमच्याच. शेजारी दहा-बारा वर्षांचा पोऱ्या बसलाय, त्याचं काम जाळ सारखा ठेवायचं. तो तुम्हाला वरिष्ठ आहे. त्याच्याशी नीट बोला.

"बुडबुडा मोठा आला की उतरव," तो सांगतो. "बारीक हाय तवर ढवळ. फुटला की मेलास."

तुमची राळ जाते ती फळ्यांच्या जोडांत. आणि हे काम एकदा तरी जवळून बघायला हवं, तेव्हा कढई पोऱ्याला सांभाळायला द्या आणि या इकडे. सांगाड्याच्या उजव्या कुशीला एक म्हातारा सुतार उकिडवा बसलाय. सगळे त्याला आजा म्हणतात, तुम्हीही म्हणा. त्याच्यासमोर सागाची लांबलचक फळी आहे. तिच्या खालच्या कडेला त्यानं खाच पाडलीय. गलबतावर आधी बसलेल्या फळीच्या वरच्या कडेला त्याच मापाची जीभ आहे. खाच जिभेवर बसायची. नुसती कडेला कड नाही लावायची, एक दुसरीत रुतली पाहिजे.

आजा खाचेला बोटानं काव फासतो. तांबडी, ओली. चार जण फळी उचलतात, जिभेवर बसवतात, एक जण वरून लाकडी हातोड्यानं हलके टोले देतो. मग फळी पुन्हा काढतात. आजा डोळे बारीक करून जिभेकडे बघतो. जिथं काव लागली तिथं दोन्ही लाकडं भेटलीत. जिथं कोरडं राहिलंय तिथं मध्ये हवा आहे, आणि जिथं आज हवा आहे तिथं उद्या पाणी आहे. तो वाकस उचलतो आणि तांबडा डाग पडलेला उंचवटा तासतो. किती? नखात धरला तर पलीकडचं ऊन दिसेल इतका पातळ काप निघतो. पुन्हा काव. पुन्हा चार जण. पुन्हा काढा. तुम्हाला वाटतं, आता बसली. आजाला वाटत नाही.

पाचव्यांदा सगळी जीभ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांबडी होते. आजा काही बोलत नाही, फक्त तुमच्याकडे हात पसरतो. राळ. तुम्ही पळत जाऊन आणता. राळेत भिजवलेला कापूस खाचेत अंथरतात, तो गरम असतानाच फळी बसवतात, आणि आता मात्र टोले हलके नसतात. जोडातून राळेचे काळे थेंब बाहेर येतात. सामत्याची दोरी सरसर फिरते, भोकं पडतात, भोकांत लोखंडी खिळे जातात आणि आतल्या बाजूला त्यांची टोकं वाकवून लाकडात निजवतात. त्यानंतर तो जोड बोटानं शोधून बघा. डोळे मिटून बघा. सापडत नाही.

"ह्या जोडाला किती वर्षं?" तुम्ही विचारता.

"फळी कुजंल," आजा म्हणतो, "जोड नाय."

पन्नास-साठ वर्षांचा हा हात तुमच्यासमोर आहे आणि त्याचं एकही चित्र कुठं काढलेलं नाही. बखरींत गुराबा, तारवं, तरांडी, गलबतं, शिबाडं, पगार अशी जहाजांच्या जातींची यादी सापडते. काव फासणाऱ्याची जात, गाव, नाव काही सापडत नाही. मला त्या बखरकारांचा राग येतो अधूनमधून. त्यांना जहाज दिसलं, भेग दिसली नाही.

आता जरा फिरून या, मुकादम पलीकडे आहे. नदीच्या वरच्या अंगानं लाकूड आलंय. शहापूर-मुरबाडकडच्या रानातला साग काळू आणि भातसेच्या काठांनी उतरतो, पाणी असेल तिथं तरंगत, नसेल तिथं बैलांमागून फरफटत. काठावर ओंडक्यांचे दोन वेगळे ढीग दिसतील. एक सरळ सोटांचा, तो फळ्यांसाठी. दुसऱ्या ढिगात सगळी वेडीवाकडी, कोपरात मुडपलेली, बाभळीची आणि ऐनाची खोडं. तुम्हाला ती जळणाची वाटतील. हात लावू नका! ढिगातलं सगळ्यात महाग लाकूड तेच. जहाजाच्या बरगडीला, वाकाला, जन्मतःच वाकलेलं झाड लागतं. सरळ लाकूड कापून बाक काढला तर त्याची नस तुटते आणि पहिल्या लाटेला ते उकलतं. म्हणून रानात एक माणूस नुसता वाकडी झाडं हेरत हिंडतो. तेवढंच काम. झाडाखाली उभा राहतो, मान तिरकी करतो, आणि त्याला झाडात गलबताची कूस दिसते. असलं पद तुमच्या कंपनीत असतं तर त्याला काय नाव दिलं असतं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आंबा-फणसाचं लाकूडही गलबताला चालतं. पण रयतेच्या दारातल्या त्या झाडांना हात लावायचा नाही. पुढे 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य आज्ञापत्रात हे तपशिलात लिहितील: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, एखादं अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. इथं आज ढिगात आंब्याचा एक जाडजूड बुंधा आहे. त्याच्या शेजारी एक म्हातारी बसलीय, पदराच्या गाठीत काहीतरी बांधून. बुंध्याचं काय होतंय ते बघायला आली असावी.

लोहारांच्या छपरात शिरू नका, एवढंच सांगतो. बाहेरचा उन्हाळा तिथं गारवा वाटतो. भाते सुसकारतात, खिळ्यांचे तापलेले गज ऐरणीवर चौकोनी होतात, आणि कोपऱ्यात नांगराचा एक फाळ चार माणसं मिळून उलटा करतायत. बोलून कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून लोहार खुणांनी बोलतात आणि घरी गेल्यावरही ओरडूनच बोलतात. त्यांच्या बायका ही तक्रार पाण्यावर एकमेकींना सांगतात. तोफा इथं बनत नाहीत. त्या विकत आणायच्या, त्याही युरोपातून आलेल्यांकडून, आणि ते देतील तेव्हा.

दुपार झाली. भोंगा नाही, सावली पायात आली की ठोके आपोआप थांबतात, आणि इतका वेळ चाललेला आवाज बंद झाल्यावर कान दुखतात. गलबताच्या कुशीच्या सावलीत सगळे बसतात. आपापल्या पंगती आपापल्या जातीच्या, हे तुम्हाला खटकेल, त्यांना नाही. आजासुद्धा तुम्हाला जवळ बसवत नाही, हातभर लांब बसवतो. तांदळाची भाकरी, भाजलेली सुकट, कांदा, मडक्यातली आंबील. चहा? विसरा. बटाटा, टोमॅटो, तेही विसरा. तंबाखू मात्र आली आहे, आणि ती इतकी झपाट्यानं पसरलीय की पोऱ्यासुद्धा चुलीआड ओढतो. आगरी बायका मिठाच्या पाट्या उतरवून परतताना सुकटीचा भाव करतात. एक तुमच्या पायांकडे बघून म्हणते, "ह्याचं पाय बघा गो, न्हान्या पोराचं." सगळ्या हसतात. तुमच्या तळव्यांना फोड आलेत ते तिनं पाहिलंय. जाताना कसलासा पाला टाकून जाते. चोळा.

पलीकडे काठाच्या टोकाला दुसरी वस्ती दिसते ना? तिथले आवाज वेगळे, भाषा वेगळी. घामेजलेले, तांबूस चेहऱ्यांचे काही पुरुष, आणि त्यांच्याबरोबर आपल्यासारखेच सावळे पण गळ्यात क्रूस घातलेले पुष्कळ. हे फिरंगी कारागीर. त्यांचा म्होरक्या रुय लैतांव व्हिएगस. त्याच्या हाताखाली 300 हून अधिक माणसं, आणि काम 20 युद्धनौकांचं. त्यांच्या भाषेत या नावांना संग्विसेल म्हणतात: हलकी, उथळ पाण्यात चालणारी, शिडावर आणि वल्ह्यांवर दोन्ही पळणारी. खाड्या-खाजणांच्या या मुलखाला अशीच नाव हवी. मोठं जहाज इथं ओहोटीला चिखलात बसेल आणि भरतीपर्यंत शत्रूला सलाम करत राहील.

व्हिएगसचे लोक लाकडी पट्ट्यांनी मापं घेतात आणि आधी सांगाडा उभा करून मग फळ्या चढवतात. आजाची माणसं हातानं आणि वितीनं मोजतात, आधी फळीला फळी जोडत जातात आणि मग आतून वाक बसवतात. दोघांनाही वाटतं दुसरा उलटा चाललाय. दिवसभर एकमेकांना नावं ठेवतात. पण आजाचा थोरला नातू तिकडे पट्टी धरायला असतो, आणि संध्याकाळी घरी आला की आजा त्याला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "आज काय काय केलं त्यांनी? नाळेला उतार किती दिला?" कारखान्यातलं खरं प्रशिक्षण हे. फलकावर लावलेलं नसतं.

आता तुमच्या बढतीचं बोलू. वाट अशी आहे: चुलीवरून सामत्याच्या दोरीवर, दोरीवरून सामत्यावर, मग करवतीच्या खालच्या टोकाला, म्हणजे सगळा भुसा डोळ्यांत, वर्षं गेली की करवतीच्या वरच्या टोकाला. मग पटाशी. वाकस सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी जुन्या, फेकायच्या लाकडावर. मधली एकही पायरी गाळता येत नाही, कारण प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी पुतण्या आधीच बसलाय. मेहनताना काही धान्यात, काही नाण्यात. नाणं म्हणजे लारी: चांदीची दुमडलेली तार, तिच्यावर ठसा. मुकादम ती तुमच्या हातात ठेवतो तेव्हा आधी ती नाणं आहे यावरच विश्वास बसत नाही. कनवटीला लावलीत तर टोचत राहते. बरंच आहे, हरवणार नाही.

सगळ्यांच्या डोक्यावर एकच तारीख लटकलेली आहे आणि ती कुठल्या कागदावर नाही. ढग. मृगाआधी बूड पूर्ण व्हायला हवं. बाहेरून चुन्याचा लेप चढायचाय, तोही असा तसा नाही. चुना मासळीच्या तेलात घोटून घोटून पुरणासारखा घट्ट करायचा आणि तळव्यांनी फासायचा, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आत शिरता येत नाही. हे काम बायका-पोरांचं. तुमचा हात बरा होईतो तुम्हीही त्यांतच. तीन दिवसांत तुमच्या अंगाला असा वास लागतो की मांजरं मागे येतात.

अमावास्येचं उधाण आलंय. आज एक लहान मचवा पाण्यात जायचाय. नाळेला हळद-कुंकू, आंब्याचा टाळा, नारळ. ओंडक्यांवर चरबी चोपडलीय. दोरावर शंभर माणसं, त्यात सुतार, लोहार, आगरी, कोळी, भंडारी, कोटावरचे दोन गवंडी, फिरंग्यांची पोरं, आणि तुम्ही. पाणी चढत चढत ठोकळ्यांना लागतं. नाखवा पाण्याकडे बघत हात वर करून उभा आहे. अजून नाही. अजून नाही. पुढच्या माणसाचा घाम तुमच्या तोंडावर उडतोय, मागचा तुमच्या टाचेवर उभा आहे. हात खाली येतो आणि शंभर नरड्यांतून एकच आरोळी निघते. दोर तळव्यात जळतो. काही हलत नाही. पुन्हा आरोळी. लाकूड कण्हतं, कुरकुरतं, आणि मग एकदम दोर सैल पडतो, तुम्ही शंभरजण एकमेकांच्या अंगावर कोसळता, आणि मचवा पाण्यात डुलतोय! आजा पळत, खरंच पळत, गुडघाभर पाण्यात जातो, आत चढतो आणि तळाला हात फिरवतो. हात कोरडा निघतो. मग तो माडीकडे वळतो, आणि बाकीचेही.

त्या रात्री माडी पिता पिता नाखवा तुम्हाला खरी अडचण सांगतो. बोटानं वाळूत खाडी काढतो. "हे कल्यान. हतून भाईर पडाया वाटा दोन. ही ठान्यावरनं, ही घोडबंदर-वसईवरनं. दोन्हीवर कोन? फिरंगी. आता बोल, नावा बांधून नेनार कुठनं?" गोव्याहून वसईच्या कप्तानाला तसं सांगणं आलेलंच आहे, की कल्याण-भिवंडीत, पनवेलीत बांधलेल्या या नावा बाहेर पडू द्यायच्या नाहीत. आणि त्याच फिरंग्यांचे कारागीर इथं त्या बांधतायत. या नावा जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध, असं सांगितलं जातं. वसईला ते पटत नाही. तुम्ही ज्या घाटात अडकला होतात, त्याच्या खालचं पाणीच या सगळ्या मेहनतीच्या नरड्यावर आहे.

वसईहून व्हिएगसला निरोप येतात. काय येतात ते तुम्हाला कळणार नाही, तुम्ही चुन्याच्या तुकडीत आहात. फक्त एवढंच जाणवतं की फिरंगी वस्तीत दोन दिवस हातोडे मंद पडलेत आणि आजाचा नातू लवकर घरी येतोय.

मग एका रात्री ओहोटी लागल्यावर ते जातात. गुपचूप, सगळे. नोटीस पीरियड नाही, हँडओव्हर नाही. पहाटे तुम्ही परसाकडे म्हणून उठता तर टोकाच्या वस्तीत कुत्री मोकळी फिरतायत आणि चुली थंड. मुकादम एका खोपटातून दुसऱ्यात जातोय, मोजतोय. पट्ट्या नेल्या. चांगल्या पटाश्या नेल्या. राळेची दोन पिंपं राहिली, जड होती म्हणून. काठावर त्यांचे सांगाडे उभे आहेत, निम्मे फळ्यांनी झाकलेले, निम्मे उघडे. सरकारातून घोडेस्वार येईल, कारकून येईल, कागद लिहिला जाईल. मुकादमाचा चेहरा आतापासूनच त्या कागदाला उत्तर देतोय.

आरमार त्या रात्रीत बुडालं नाही, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. सहा वर्षांनी 85 गलबतं आणि 3 मोठी जहाजं घेऊन राजे मालवणहून बसरूरला निघतील. पण मुकादमाला हे ठाऊक नाही, आणि त्याला सांगून उपयोग नाही; त्याला आजच्या दिवसाची हजेरी लावायची आहे.

आजा उठून फिरंग्यांच्या सांगाड्यापाशी जातो. एका वाकाला टेकतो, दुसऱ्याला थाप मारून आवाज ऐकतो. विती टाकत टाकत नाळेपासून मागे येतो, तोंडानं पुटपुटत. मधूनच नातवाला विचारतो, नातू बोटं दाखवतो. तीन. नाही, सव्वातीन. दोघांचं जुंपतं. मुकादम पलीकडून ओरडतो, "आजा, जमंल का न्हाई ते सांगा एकदा!"

"मानसं किती हैत?"

"हैत तेवढीच."

आजा सगळ्यांवरून नजर फिरवतो. दोरीवरचा पोर सामत्यावर. सामत्यावरचा पटाशीवर. करवतीचा खालचा वर. ज्या पायऱ्यांना वर्षं लागायची, त्या न्याहारीच्या आत चढल्या जातायत, आणि कुणाच्या पुतण्याला कुणी विचारत नाहीये. मग त्याची नजर तुमच्यावर येते. चुना लागलेले हात, फुटलेले फोड, करपलेल्या भुवया.

"तू रं, कारकुना. हिकडं ये. हात दाव."

तुम्ही दाखवता. तो अंगठ्यानं दाबतो. तर्जनीच्या बुडाशी काहीतरी कडक लागतं, तुम्हालाही आत्ताच कळतंय.

"काव कालव," तो म्हणतो. "घट्ट नको. आनि त्या चौघांना उठव, फळी धरायला."